ओढ्याच्या अलीकडे

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांनी, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ऋतुजा, मीटिंगमधलं मीटिंगमध्येच राहिलं पाहिजे. बाहेर एक शब्द जाता कामा नये." मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं. बोलणं जमत नाही, म्हणूनच मला तिथं बसवलं असणार.

पण उसाच्या फडात पाचट साचतं ना, तसे हे किस्से साचत जातात. आज एक, उद्या दोन, आणि मग पाय ठेवायला जागा उरत नाही. शिवाय निम्मे किस्से गावाला माहीत आहेतच, आणि तेही चुकीचे! चुकीचं ऐकण्यापेक्षा बरोबर ऐकलेलं बरं, एवढंच माझं म्हणणं आहे.

*

आमचं गाव बोरमळा. बारामती तालुका. ओढ्यापलीकडचं हिवरटेक. इंदापूर तालुका. मध्ये एक बुटका फरशी पूल. इकडून हाक मारली तर तिकडं ऐकू जाते. पण कागद पाठवायचा झाला तर तो आधी बारामतीला जातो, मग पुण्याला, मग इंदापूरला आणि मग कधीतरी हिवरटेकला पोचतो. तोवर ज्याच्याबद्दल लिहिलंय ते वाहून गेलेलं असतं.

तर या फरशीवर बरोबर हद्दीच्या रेषेवर एक खड्डा पडला. निम्मा आमचा, निम्मा त्यांचा. आमच्या पंचायतीनं मुरूम टाकून आमचा निम्मा भरला. रेष सोडून एक पाटीसुद्धा पुढं टाकली नाही. महिनाभरानं हिवरटेकच्या पंचायतीनं त्यांचा निम्मा भरला. त्यांना वाटलं, आपण काय कमी आहोत? त्यांनी वर खडी टाकून चांगला उंच केला.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या किटल्या घेऊन मोटारसायकलवरून जाणारा एकजण तिथं आदळला. किटल्या ओढ्यात, तो फरशीवर. उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "आधी निदान खड्डा हुता. आता ह्यांनी पायरी केली!"

त्या पायरीमुळं 'संयुक्त रस्ते व वाहतूक समिती' जन्माला आली. रस्ता असो, पूल असो, एस.टी. असो, इथून पुढं दोन्ही पंचायतींनी मिळून ठरवायचं. आमचे सरपंच आबा आणि त्यांचे सरपंच तात्या, दोघं मिळून अध्यक्ष.

आणि मी? माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि भाऊसाहेबांचं अक्षर भाऊसाहेबांनाही लागत नाही. माझं अक्षर सुवाच्य आहे असं शाळेत सगळे म्हणतात. ठरावाची पक्की प्रत लिहायला त्यांनी मला घेतलं. पप्पांनी लगेच हो म्हटलं, "बसून काय करतीयास? तेवढीच चार माणसांत ऊठबस!"

माझं एक कामही त्या समितीत अडकलं होतं. मला अकरावी सायन्सला जायचं होतं. ज्युनिअर कॉलेज लासुर्ण्याच्या बाजूला, म्हणजे ओढ्यापलीकडं. तिकडं जाणारी एस.टी. आमच्या रस्त्यानं सुरू करायची, हाच समितीपुढचा मोठा विषय होता. गाडी सुरू झाली तर मी घरून जाणार. नाही झाली तर हडपसरला आत्याकडं. आत्या फार चांगली आहे. पण तिच्या घरात सहा माणसं एकदम बोलतात, आणि सगळी मलाच विचारतात, "तू का गं बोलत नाहीस?"

*

पहिली मीटिंग कुठं घ्यायची, यावरच पहिली मीटिंग संपली. आमच्या समाजमंदिरात घ्यावी तर तात्या म्हणाले, "आमी काय पाव्हणे हाय व्हय?" त्यांच्या शाळेत घ्यावी तर आबा तेच म्हणाले.

शेवटी टेबल फरशीवर मांडलं. टेप लावून. टेबलाचे दोन पाय बारामती तालुक्यात, दोन इंदापूर तालुक्यात. खुर्च्या ज्याच्या त्यानं आपापल्या आणायच्या. मला एक स्टूल मिळालं, ते रेषेवर होतं. मी कुणाच्या मोजणीतच नव्हते, त्यामुळं मला दोन्ही तालुक्यांत बसता आलं.

आबांनी नारळ फोडला. तात्यांनी 'रहदारीस होणारा अडथळा' या विषयावर बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात मागून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या गच्च भरलेल्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. परत वाजवला.

तात्या वळून म्हणाले, "अरं, दिसत न्हाय व्हय? मीटिंग चाललीया!"

"कसली हो?"

"रस्त्याची!"

"मग रस्ता सोडा की!"

सगळ्या समितीनं टेबल उचललं. नारळाचं पाणी माझ्या वहीवर. त्या पानावर अजून डाग आहे.

*

आता एक गोष्ट सांगायची राहिली. आबा आणि तात्या व्याही आहेत. आबांची थोरली मुलगी तात्यांच्या घरात दिलीय. आणि मुलीचा बाप म्हटल्यावर काय! तात्यांनी काहीही म्हटलं की आबा हात जोडायचे. "तुमी म्हणाल तसं."

डांबरीकरण कुठून सुरू करायचं? "तुमच्याकडनं करा." दिवे कुणाच्या बाजूला? "तुमच्या." सहीसुद्धा आधी त्यांची! बोरमळा चिडला. पारावर माणसं म्हणायला लागली, "आबानं पोरीबरूबर गावबी आंदान दिलं!"

म्हणून भाऊसाहेबांनी एक ठराव करून घेतला. मीटिंगमध्ये कुणीही कुणाचं नातं काढायचं नाही. व्याही नाही, पाव्हणं नाही, पाव्हणचार नाही. फक्त 'सरपंचसाहेब'.

पुढच्या मीटिंगला तात्या म्हणाले, पुलाचा कठडा आधी आमच्या बाजूचा बांधा. आबा उठले. घाम पुसला. टोपी काढली, परत घातली. आणि मोठ्यानं म्हणाले, "सरपंचसाहेब, माझा विरोध हाय!"

आमच्या बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा खाली बसले. मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "पोरी, विरोध लिहिलास?"

मी मान हलवली.

"जरा बारीक अक्षरात लिही की."

*

डेपोच्या साहेबांनी कळवलं, गाडी सुरू करायची तर प्रवासी किती आहेत ते दाखवा. समितीनं ठरवलं, एक दिवस फरशीवर बसून येणारी-जाणारी माणसं मोजायची. मोजणार मी. एक माणूस, एक रेघ.

ही गोष्टही गुप्त होती. म्हणजे आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती दोन्ही गावांत पसरली होती!

सकाळी बघते तर फरशीवर ही गर्दी. एवढी माणसं मी गावच्या जत्रेतही बघितली नव्हती. इकडची तिकडं, तिकडची इकडं. एक काका टोपी घालून गेले, बोडक्यानं आले, डोक्याला टॉवेल गुंडाळून परत गेले. माझ्याच वर्गातली दोघं शाळेचा गणवेश घालून पलीकडं गेली. शाळेला सुट्टी लागून आठवडा झाला होता.

आमच्या आळीतल्या रखमाआज्जी काठी टेकत किती वेळा गेल्या-आल्या ते मलाच मोजवेना. शेवटी भाऊसाहेबांना दया आली. "आज्जी, उन्हाचं कुठं निघालाय?"

आज्जी थांबल्या. दम खाल्ला. "कुठं ते न्हाय बाबा ठावं. पर गाडी येणार हाय म्हनत्यात, तवर चालून घेती!"

*

हिवरटेकच्या सदस्यांमध्ये शोभाकाकूंचं नाव होतं, पण मीटिंगला यायचे त्यांचे मिस्टर. मी हजेरी वाचायची. "शोभा" म्हटलं की समोरून जाडा आवाज यायचा, "हजर!"

मला हसू यायचं, पण मी वहीत बघायचे.

एकदा विषय निघाला की थांब्यावर बायकांसाठी काय सोय हवी. काकूंचे मिस्टर उभे राहून बोलायला लागले. बाक नको, उगीच गप्पा मारत बसत्यात, असं काहीतरी. नेमक्या त्याच वेळी शोभाकाकू वैरणीचा भारा घेऊन फरशीवरून चालल्या होत्या. त्यांनी भारा उतरवला. टेबलावरच! आमची कागदपत्रं त्याच्याखाली.

"थांब्यावर उभी मी राहणार," काकू म्हणाल्या, "मग मीटिंगला तुमी का बसताय?"

मिस्टर उठले. काकू त्याच खुर्चीत बसल्या. मिस्टरांनी इकडंतिकडं बघितलं, भारा डोक्यावर घेतला आणि गोठ्याकडं चालायला लागले.

मी हजेरीत लिहिलं, 'शोभा — हजर.' पहिल्यांदा खरं!

*

थांब्याच्या पाटीवर आधी कुठलं नाव? 'बोरमळा-हिवरटेक' की 'हिवरटेक-बोरमळा'? दोन मीटिंगा गेल्या. कुणी म्हणालं मुळाक्षरांनी लावा, कुणी म्हणालं लोकसंख्येनं लावा. शोभाकाकू म्हणाल्या, "पाटी गोल करा आन् फिरती ठिवा. वारं सुटलं की ज्याच्या नशिबात त्याचं नाव म्होरं!"

आबांनी खरंच भाऊसाहेबांना विचारलं, "अशी पाटी मिळती का हो कुठं?"

*

आता शेवटचा. हाच मी सांगायला नको होता.

मे महिन्यात डेपोचे साहेब स्वतः आले. शांत माणूस. त्यांनी फरशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितलं आणि म्हणाले, "दोन गावांत अंतर एवढंसं. दोन थांबे मिळणार नाहीत, एकच मिळेल. कुठं, ते तुम्ही ठरवा. दोन्ही ग्रामसभांनी मंजूर केलेला एकच ठराव मला शुक्रवारपर्यंत द्या. नाहीतर ही गाडी मी दुसऱ्या मार्गाला देतो."

घरी पप्पांनी लगेच आत्याला फोन लावला. "शुक्रवारी न्हाय झालं तर शनिवारी आणून सोडतो." आईनं माळ्यावरची बॅग काढून पुसून उन्हात ठेवली. मी त्या बॅगेकडं बघत नव्हते. बॅग मात्र अंगणातच होती, जाता-येता दिसायची.

मंगळवारी शेवटची मीटिंग. आबा म्हणाले थांबा आमच्या बाजूला. तात्या म्हणाले आमच्या. आबांनी त्या दिवशी विरोध मोठ्या अक्षरात लिहायला सांगितला! चहा आला, गार झाला, परत गरम करून आणला, परत गार झाला. शेवटी दोघंही वैतागून उठले. "भाऊसाहेब, तुमी लिहा काय त्ये. आमी ग्रामसभंत बघतो." एक इकडं गेला, एक तिकडं.

टेबलापाशी भाऊसाहेब आणि मी. ते डोकं धरून सांगायला लागले, "लिही. सर्वानुमते असे ठरले की, नियोजित बस थांबा हा ओढ्याच्या..." आणि त्यांचा फोन वाजला. तालुक्याचा होता. ते बोलत बोलत लांब बाभळीपर्यंत गेले.

परत आले तेव्हा घाईत होते. "कुठवर आलो होतो गं?"

"झालं, भाऊसाहेब."

माझं अक्षर सुवाच्य आहे, त्यामुळं माझं लिहिलेलं कुणी वाचत नाही. त्यांनी सही केली.

बुधवारी आमच्या ग्रामसभेत ठराव वाचला गेला: 'नियोजित बस थांबा हा ओढ्याच्या अलीकडे, रस्त्यालगत असावा.' सभेत शिट्ट्या वाजल्या! अलीकडे! म्हणजे आमच्या बाजूला! एकमतानं मंजूर. गुरुवारी तोच कागद हिवरटेकच्या ग्रामसभेत वाचला गेला. तिथंही शिट्ट्या वाजल्या. तिथंही एकमतानं मंजूर.

त्या संध्याकाळी आबांना वाईट वाटायला लागलं. आपण जिंकलो, पण व्याह्यांचा मान गेला. त्यांनी पेढ्याचा पुडा घेतला आणि हिवरटेककडं निघाले. तिकडून तात्याही निघाले होते. त्यांच्याही हातात पुडा! फरशीच्या मधोमध दोघं भेटले. मी म्हशींना पाणी पाजायला ओढ्यात उतरले होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"लई मोठ्या मनाचं तुमी," आबा म्हणाले.

"छ्या! मोठं मन तर तुमचं," तात्या म्हणाले.

"तुमी हारला न्हाईसा बरं का, व्याही."

"अवं, ते तर मी तुमास्नी सांगायला आलोय!"

दोघांनी एकमेकांना पेढे भरवले. दोघांना एकमेकांची फार दया येत होती. मी म्हशीच्या मागं तोंड लपवून उभी राहिले.

शुक्रवारी साहेब आले, गाडीच घेऊन आले. ड्रायव्हर, कंडक्टर आणि थांब्याची खूण करायला पांढऱ्या फक्कीची पाटी. दोन्ही गावं जमली होती. साहेबांनी ठराव वाचला, दोन्ही शिक्के बघितले, खूश झाले. "वा! मग फक्की कुठं मारू? अलीकडं म्हणजे?"

"हितं!" आबा आणि तात्या एकदम म्हणाले. दोघांची बोटं दोन टोकांना.

आधी कुणाला कळेना. मग हळूहळू कळलं. तात्या म्हणाले, "आबा, पेढं कशाचं खाल्लं मग आपण?"

भाऊसाहेबांनी वही उघडली. एकदा वहीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग त्या फक्कीसारखा झाला. साहेबांनी घड्याळ बघितलं. "ठराव दुरुस्त करायचा म्हणजे परत दोन ग्रामसभा. आज शुक्रवार. माझा नाइलाज आहे." आणि ते गाडीकडं वळले. गर्दीत पप्पा उभे होते. त्यांनी मान खाली घातली होती.

मी माझ्या स्टुलावरून उठले. इतक्या मीटिंगांमध्ये हजेरी आणि 'झालं, भाऊसाहेब' सोडून मी एक वाक्य बोलले नव्हते.

"साहेब," मी म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही. शोभाकाकू शेजारीच होत्या. त्या ओरडल्या, "ए, गप बसा रं! पोरगी बोलतीया!"

मग तर सगळे माझ्याकडंच बघायला लागले.

"साहेब, दुरुस्त नाही करायचा. बरोबर आहे तो. गाडी जिकडून येईल, तिकडचं अलीकडं."

साहेब थांबले. ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघत होता. त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "व्हय की साहेब! जाताना फरशीच्या आधी हितं थांबतो, येताना फरशीच्या आधी तितं थांबतो. दोन्ही येळंला अलीकडंच की!"

"पण थांबे दोन होतात," कंडक्टर म्हणाला.

"ठराव किती आहेत?" साहेबांनी विचारलं.

"एक."

"जाताना किती वेळा थांबणार?"

"एकदा."

"मग थांबा एकच," साहेब म्हणाले, आणि फक्कीच्या पाटीत हात घातला.

तात्या बोटं मोजत होते. "म्हंजी सकाळी आमची माणसं गाडी धरायला तुमच्यात येणार. आन् सांजच्याला तुमची माणसं आमच्यात उतरणार."

"मग सकाळचा चहा आमच्याकडं," आबा म्हणाले, आणि मग जीभ चावली, कारण ठरावाप्रमाणं पाव्हणचार बंद होता.

सोमवारपासून गाडी सुरू झाली. बॅग परत माळ्यावर गेली, आणि पुढं माझं कॉलेजही त्याच गाडीनं सुरू झालं. भाऊसाहेब मात्र त्या दिवसापासून माझ्याशी जपून बोलत होते. काल संध्याकाळी मी हिवरटेकच्या बाजूला उतरून फरशीवरून चालत येत होते, तर ते कठड्याला टेकून माझीच वाट बघत उभे. काखेत वही.

"ऋतुजा," ते म्हणाले, "खरं सांग. मी 'ओढ्याच्या'पर्यंत सांगितलं होतं, ते मला आठवतंय. पुढचा शब्द मी सांगितला होता का?"

मी इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. मग मान न हलवता, चक्क तोंडानं म्हटलं, "भाऊसाहेब, तुम्ही बाभळीखाली फोनवर होता ना, तेव्हा मी आधी 'आमच्या बाजूला' लिहिणार होते, पण मग मला..."

आले गं आई! डबा घेतला! गाडी वळणावर दिसतेय म्हणे, आणि माझी एक चप्पल अजून...